जपलेली गाडी

यंत्राला जिवापाड जपणाऱ्या माणसाला यंत्र कधीही दगा देत नाही, हा सृष्टीचा नियम निरीक्षकांनी अंगणात उभं राहून सुनेला सांगितला, तेव्हा किल्ली त्यांच्या हातात होती आणि गाडीचं इंजिन चालूच होतं.

गाडी बंद करून, किल्ली काढून, दार लावून ते रीतसर उतरले होते. गाडी मात्र, सगळ्यांची निजानीज झाल्यावरही म्हातारा खोकत राहावा, तशी गचके खात धडधडत राहिली. मग एक मोठा हुंदका देऊन थांबली. अंगण चिडीचूप झालं. दोरीवर कपडे वाळत घालणाऱ्या त्यांच्या बायकोने शेवटचा चिमटा लावला आणि ती म्हणाली, "अहो, हिला काहीतरी बाधलंय."

निरीक्षक वजनमापे खात्यातून निवृत्त झाले होते. जन्मभर दुसऱ्यांचे तराजू तपासल्यामुळे आपला काटा कधी चुकत नाही, अशी त्यांची खात्री होती. गाडीला त्यांनी कधी दमवलं नव्हतं. रोज सकाळी चालू करून तिला अंगणातच थोडा वेळ घुरघुरू द्यायचं, मग कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत न्यायचं, आणि इंजिन पुरतं तापायच्या आत परत आणून वर चादर घालायची. वेग असा, की एकदा शेजारच्या कुत्र्याने पाठलाग सुरू केला आणि कंटाळून तो पुढे निघून गेला.

एरवी हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण सुनेचे दिवस भरत आले होते, मुलगा बोटीवर, म्हणजे पाण्यात कुठेतरी, आणि इस्पितळ घाटापलीकडे. रुग्णवाहिकाही तिकडूनच यायची, म्हणजे एकच घाट दोनदा ओलांडायचा. सुनेला मी नेणार, असा शब्द निरीक्षकांनी मुलाला फोनवर दिला होता. आणि परवाच घाटाच्या पहिल्या चढावर गाडीने मान टाकली होती. बॉनेटखाली टकटक सुरू झाली. आतून कोणीतरी दार ठोठावतंय आणि आपण उघडत नाही म्हणून चिडत चाललंय, अशी.

मेकॅनिक घरी आला. त्याने प्लग काढले, ते कोळशासारखे काळे. मग प्लगच्या भोकातून बारीक टॉर्चचा उजेड आत सोडला आणि एक डोळा मिटून तो आत बघत राहिला. डॉक्टर एक्स-रे उजेडाकडे धरून बघत राहिल्यावर नातेवाइकांचं जे होतं, ते निरीक्षकांचं झालं.

"काका, तुम्ही हिला करत काय होतात?"

"जपत होतो."

"तेच म्हटलं."

मग त्याने समजावलं. थंड इंजिनात पेट्रोल धड जळत नाही. अर्धवट जळलेलं काजळी होऊन पिस्टनच्या डोक्यावर बसतं, थरावर थर. चढावर तोच थर निखाऱ्यासारखा लाल होतो आणि ठिणगी पडायच्या आधीच पेट्रोल पेटवून देतो. टकटक त्याची. किल्ली काढल्यावरही गाडी चालत राहते ती त्याच निखाऱ्यावर. इंजिनचं हेड, म्हणजे वरचं झाकण, उघडून खरवडायचं तर आठवडा जाणार. तेवढी सवड आहे का, हे त्याने विचारलं नाही. फक्त सुनेकडे पाहिलं.

शेवटी त्याने प्लगच्या भोकांतून काजळी सोडवणारं औषध ओतलं, रात्रभर मुरू दिलं आणि सकाळी ऑइल बदललं. इंजिन चालू केल्यावर असा काळा धूर निघाला की दोरीवरच्या कपड्यांना पुन्हा पाणी दाखवावं लागलं. आता एकच उपाय उरला होता. गाडी पुरती तापवायची आणि मोकळ्या रस्त्यावर, तिसऱ्या गिअरमध्ये, अर्धा तास दयामाया न दाखवता पळवायची. सुटलेली काजळी जळून बाहेर पडेल.

आणि नाही पडली तर, असं निरीक्षकांनी विचारलं.

"काजळीचा एखादा खडा व्हॉल्व्हखाली अडकला, तर गाडी जागेवर बसेल. तेवढी घाटात बसू देऊ नका," असं म्हणून मेकॅनिक हात पुसत निघाला. जरा घाईनेच निघाला, असं निरीक्षकांना वाटलं.

ते एकटेच गेले आणि फार लवकर परतले. आजारी जिवाला पळवणं माणुसकीला धरून नाही, असं त्यांचं मत पडलं होतं. काटा चाळिसाच्या वर गेला होता का, असं सुनेने विचारलं. काट्याचा विषय निघाला आणि निरीक्षक गाडीवर घालायची चादर शोधू लागले, असं आजवर झालं नव्हतं. सुनेने किल्ली त्यांच्या हातातून घेतली.

"बाबा, तुम्ही शेजारी बसा. आणि बोलू नका."

सासूबाईंनी तिला अडवायला हवं होतं. त्या म्हणाल्या, "सावकाश पळव गं."

पोटासाठी सीट मागे सरकवून, चपला काढून निरीक्षकांच्या बाजूला ढकलून सुनेने गाडी अशी काढली, की निरीक्षकांचं मन अंगणातच राहिलं. अर्धा तास पळवण्याजोगा मोकळा रस्ता घाटाकडे जाणारा तेवढाच होता, आणि तो ओस पडला होता. मागे काळ्या धुराची शेपटी लोंबत होती. सपाटीवर इंजिन नुसतं किंचाळत होतं. चढ लागला आणि टकटक सुरू झाली. वळणागणिक वाढत गेली. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, आणि कठडा जिथे नको होता तिथेच तेवढा शाबूत. मध्येच कोणीतरी कण्हलं. गाडी असेल म्हणून निरीक्षकांनी बॉनेटकडे पाहिलं. गाडी नव्हती.

"सुरू झालंय," सून म्हणाली.

परत फिरायचं तर गाडी थांबवायला हवी होती, आणि थांबलेली गाडी पुन्हा चढ चढेल याची कोणी हमी दिली नव्हती. तिने पाय उचलला नाही. तेवढ्यात मागे बंदुकीचा बार उडाल्यासारखा आवाज झाला आणि टकटक बंद पडली.

खडा अडकला. इंजिन गेलं. घाट, सून, नातवंड. मुलाला फोनवर काय सांगायचं, त्याचं पहिलं वाक्यसुद्धा निरीक्षकांनी जुळवलं. दुसऱ्या वाक्यावर असताना त्यांच्या लक्षात आलं, की झाडं अजून मागे पळताहेत, आणि मघापेक्षा जोरात. गाडी चालू होती. थांबलं होतं ते नुसतं ठोठावणं; खडा मागच्या नळीतून बाहेर पडला होता. त्या शांततेत सुनेचा श्वास तेवढा ऐकू येत होता, आणि तो काही केल्या मोजता येत नव्हता.

घाट उतरून गाडी इस्पितळाच्या पायरीला लागली. नर्स चाकाची खुर्ची घेऊन धावत आली. अशा वेळी वडीलधाऱ्याने काहीतरी मोठं बोलायचं असतं, म्हणून निरीक्षकांनी भरल्या डोळ्यांनी घसा खाकरला.

"बाबा," सून दात आवळून म्हणाली, "घाटभर ब्रेक समजून तुम्ही जी दाबत आलात, ती माझी चप्पल आहे. तेवढा पाय उचला."