पुठ्ठ्याअलीकडची बरणी

हसू नका, मासाच बोलतोय. काचेला कान लावलात तर नीट ऐकू येईल.

मी प्रयोगशाळेतला बोटभर मासा. अंड्यातून बाहेर पडलो, इकडेतिकडे बघतो तर बरणीत मी एकटाच! माझी भावंडं शेजारच्या टाकीत, सगळी एकत्र. एकटं वाढलेलं पिल्लू किती वाढतं, किती जगतं, आणि घोळक्यातलं किती, हे माणसांना बघायचं होतं. मला कुणी विचारलं नाही. मधे एक पुठ्ठा उभा केला होता. "याला दुसरं कुणी दिसता कामा नये," अशी प्रयोग करणाऱ्या सरांची सक्त ताकीद.

पण पुठ्ठ्याचा कोपरा पाण्याने भिजून वळला होता. त्या फटीला मी दिवसभर चिकटलेला असायचो. तिकडे नुसता धुडगूस! दाणा पडला की झुंबड, ढकलाढकली, एखाद्याच्या शेपटीचा लचका. माझ्याकडे दाणा सावकाश खाली यायचा. हिसकावणार कोण? मी आपला फुगत गेलो.

"काय पैलवान झालाय बघा!" आमची देखभाल करणारी ताई सरांना म्हणाली. मग दाण्याचा डबा बंद करत म्हणाली, "माझी लेकही घरात एकटीच असते हो, सर. बाहेर पाठवायचं म्हटलं की जीव घाबरतो माझा. डॉक्टर म्हणतात, वजन छान आहे."

"मग झालं तर!" सर हसले. ताई काही हसली नाही.

भावंडं किरकोळच राहिली. एकेक करून उलटी तरंगायला लागली. जाळी यायची आणि त्यांना घेऊन जायची. मी ठणठणीत, त्यामुळे सर खूश. मला मात्र फटीकडे जायचीच भीती वाटू लागली.

"काम झालं आपलं. आता सोड याला तिकडे," एके दिवशी सर म्हणाले. टाकीत एकच बहीण उरली होती. जन्मभर जिच्याजवळ जायची आस होती, ती मला बघताच दगडामागे पळाली. तिचं काय चुकलं? आपल्याहून मोठं कुणी अंगावर आलं की काय होतं, हे ती बिचारी पुरतं जाणून होती. भीती न घालता जवळ कसं जायचं, हे मला ठाऊकच नव्हतं. ते लहानपणी धक्के खाता खाताच अंगवळणी पडत असावं.

आता दाणा पडला की मी लांबच्या कोपऱ्यात गप्प उभा राहतो. ती येते, घाईघाईने खाते आणि पुन्हा दगडामागे जाते.

ताई, लेकीला खेळायला सोड गं. ढकलतील तिला, रडत घरी येईल. येऊ दे. वजन काय, नंतरही वाढतं.