तिसऱ्या मजल्याचं गाणं

अर्थमावशींना कुठलीही ओळ द्या, त्या तिला बोटाला धरून देवापाशी नेऊन सोडत. हे नाव त्यांना प्रार्थनाघरातल्या लोकांनीच ठेवलं होतं, आणि त्यात थट्टेपेक्षा माया जास्त होती. दर आठवड्याच्या बैठकीत त्या पेटीशेजारी उभ्या राहत, एक ओळ गात, तिचा अर्थ उलगडत, पुन्हा गात, आणि समोरचा माणूस आपली दुखणीखुपणी विसरून डोलायला लागे. एकदा कोणीतरी गंमत म्हणून साबणाच्या जाहिरातीचं गाणं पुढे केलं. मावशींनी त्यावरून मनाच्या मळावर असं निरूपण केलं, की गंमत करणाराच डोळे पुसत घरी गेला. देवाच्या घरी पुढच्या दारानेच शिरायला हवं, असा त्यांचा हट्ट नव्हता. न्हाणीघराची खिडकी उघडी असली तरी चालेल, आत गेल्याशी मतलब.

प्रार्थनाघराचा एक जुना नियम होता. अर्थ सांगितल्याशिवाय गाणं नाही. लग्न असो की निरोप, आधी कोणीतरी उभं राहून गाण्यातला परमार्थ सांगायचा, मगच पेटीवाल्यांनी सूर धरायचा. नियम वाईट नव्हता. नुसत्या सुरात वाहून जाणाऱ्यांना तो काठाशी धरून ठेवी. पण मावशींच्या थोरल्या बहिणीचे यजमान गेले, तेव्हा नेमकं याच नियमापाशी घोडं अडलं.

भावोजी लिफ्ट दुरुस्त करत. सगळा जन्म उंच इमारतींच्या पोटात, काळोख्या विहिरीसारख्या जागेत, दोरांना तेल देण्यात गेला त्यांचा. प्रार्थनाघरात ते क्वचितच येत. आले तर मागे बसत आणि हाताला वंगणाचा वास येतो म्हणून कोणाच्या हातात हात देत नसत. शेवटी छातीच्या दुखण्याने गेले. निरोपाची बैठक ठरली, तेव्हा ताईंनी एकच गोष्ट मागितली. फुलं नकोत, भाषणं नकोत, यांचं गाणं मात्र व्हायला हवं.

यांचं गाणं म्हणजे तेच, जे ऐकत आख्खी एक पिढी तरुण झाली होती.

तिसऱ्या मजल्यावर दिवा आहे,
दार नुसतं लोटलं आहे,
लिफ्टचं काही खरं नाही,
तू जिना चढून ये.

या गाण्याचा खरा अर्थ काय, यावर लोकांनी जितकी डोकी फोडली तितकी पोथ्यांवर फोडली नसतील. केस कापणारा सांगे, हे तुरुंगातलं गाणं आहे, तिसऱ्या मजल्यावर फाशीची कोठडी असते. कॉलेजातली पोरं म्हणत, क्रांतीचं आहे. एका वर्तमानपत्राने पानभर छापलं होतं की जिना म्हणजे नशेच्या पायऱ्या. कोणाच्या मते ती बाई कधीच मेलेली आहे आणि वरून बोलावते आहे. गाणाऱ्याला म्हातारपणी विचारलं, तर तो म्हणाला, आमच्या इमारतीची लिफ्ट खरोखरच सारखी बंद पडायची. त्याच्यावर मात्र कोणी विश्वास ठेवला नाही.

प्रार्थनाघराचे अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक होते. माणूस सरळ होता. भावोजींच्या आजारपणात दवाखान्यात दोनदा येऊन बसला होता. पण गाण्याचं नाव काढताच त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांचा स्वतःचा अर्थ पक्का होता. अवेळी एक बाई दार लोटून परक्या पुरुषाची वाट बघते, आणि पुढच्या कडव्यात तर शेजारी जागे असले तर असू दे म्हणते. असलं गाणं या छताखाली कसं व्हायचं? मावशी म्हणाल्या, परका कशावरून, गाण्यात कुठे म्हटलंय? अध्यक्ष म्हणाले, नवऱ्याला कोणी जिना चढून ये असं गाऊन सांगतं का, तो येतोच. यावर पेटीवाल्यांना हसू आलं, ते त्यांनी खोकल्यात लपवलं.

शेवटी अध्यक्षांनीच वाट काढली. मावशींनी गाण्याचा अर्थ देवाकडे वळवून सांगावा, मग हरकत नाही. मावशींना काय, हातचा मळ. त्यांनी तिथेच उभ्या उभ्या करून दाखवलं. तीन मजले म्हणजे देह, मन आणि आत्मा. दिवा त्याचाच, तो सदा जळता. दार नुसतं लोटलेलं, कारण देव आतून कडी लावत नाही. लिफ्ट म्हणजे ओळखीपाळखीने वर जायची सोय, तिचं त्याच्या घरी काही खरं नाही. ज्याला यायचंय त्याने आपल्या पायांनी यावं. शेजारी जागे, म्हणजे लोकनिंदा. पेटीवाले मान डोलावत म्हणाले, वा मावशी. अध्यक्षांनी चष्मा परत चढवला. असं असेल तर गाणं पवित्रच आहे, म्हणाले.

ताई कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून हे सगळं ऐकत होत्या. घरी आल्यावर भावोजींचा कामाचा निळा डगला मांडीवर घेऊन बसल्या. भावोजींचा कामावरचा जोडीदारही येऊन बसला होता. आवाज असा की त्याला सगळे भोंगा म्हणत, पण त्या दिवसांत त्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

"छान सांगितलंस," ताई मावशींना म्हणाल्या. "पण यांना कुठे ठेवलंस?"

मावशींना कळेना.

"तुझ्या अर्थात दिवा आहे, जिना आहे, देव आहे. माझा माणूस कुठे आहे? त्याला खालीच उभा करून आलीस तू."

"अगं ताई, नाहीतर ते गाऊच देणार नाहीत."

"मग राहू दे. देवाच्या नावाखाली लपवून मला यांना निरोप द्यायचा नाही. यांनी काय पाप केलं होतं म्हणून लपवायचं?"

भोंगा खाली मान घालून म्हणाला, वहिनी बरोबर बोलतायत. आणि उठून पाणी प्यायला गेला.

मावशी त्यांच्या नेहमीच्या जागी, देवापुढे, जाऊन बसल्या. त्यांना स्वतःचाच राग येत होता आणि ताईचाही. देवाचं नाव लावलं तर माणूस लहान होतो का? उलट मोठा होतो. असं त्या जन्मभर सांगत आल्या होत्या. पण ताईचा प्रश्न काही हलेना. अध्यक्षांनी निघताना त्यांच्याकडून शब्दही घेतला होता की अर्थ ठरला तसाच सांगायचा. भलतं काही झालं तर पेटी बंद, आणि मग त्या जागेवर कोणी उभं राहायचं याचाही विचार करावा लागेल. ती पेटीशेजारची जागा म्हणजे मावशींचं सगळं काही होतं. लग्न त्यांनी केलं नाही, लेकरं नाहीत. आठवडाभर त्या कारखान्यात बरण्यांवर लेबलं चिकटवत, ती फक्त त्या एका संध्याकाळच्या जोरावर. प्रार्थना करून उठल्या तेव्हा त्यांचा चेहरा शांत नव्हता. पण ठरलं होतं.

निरोपाच्या दिवशी प्रार्थनाघर भरलं. पुढच्या ओळीत ताई आणि शेजारी भोंगा. मागे लिफ्टच्या कंपनीतली माणसं, कपाळावर टोपीचे वळ घेऊन. अध्यक्षांनी चार शब्द सांगितले आणि मावशींना खूण केली. पेटीवाल्यांनी भाता उघडून ठेवला.

मावशी उभ्या राहिल्या. म्हणाल्या, या गाण्याचे खूप अर्थ तुम्ही ऐकलेत, आज मी ज्याच्यासाठी गायचं त्याचा सांगते. आणि त्यांनी त्या दोघांच्या कामाची रीत सांगितली. भावोजी लिफ्टच्या डोक्यावर उभे राहून विहिरीत काम करत, आणि भोंगा गच्चीखालच्या मशीनच्या खोलीत स्विचपाशी बसे. मध्ये इतक्या भिंती की सुटी हाक विरून जाई, फोन लागत नसे. सलग गाणं मात्र दोरांच्या भोकातून वर येई. म्हणून दोघांचं ठरलं होतं. खाली गाणं चालू आहे तोवर माणूस आत आहे, स्विचला हात लावायचा नाही. गाणं मध्येच थांबलं तर धावत खाली यायचं. आणि काम संपलं की भावोजी स्वतः जिना चढून वर जाणार, भोंग्याच्या खांद्यावर हात ठेवणार, तेव्हाच लिफ्ट चालू करायची. भावोजींना दुसरं गाणं येतच नव्हतं. हेही धड येत नव्हतं, सुराशी त्यांचं जुनं वैर. शिवाय ते लिहिणाऱ्यावर त्यांचा राग होता, लिफ्टची बदनामी केली म्हणून.

मागच्या ओळींत कोणीतरी हसलं आणि नाक ओढलं.

अध्यक्ष हळूच म्हणाले, मावशी, परमार्थावर या. मावशींनी ऐकलं आणि पुढे चालू ठेवलं. ताई लग्नाआधी एका इमारतीत कपड्यांना बटणं लावायच्या कामावर होती, तिसऱ्या मजल्यावर. एक दिवस भिंतीतून पुरुषाचा बेसूर आवाज यायला लागला, तिसऱ्या मजल्यावर दिवा आहे, तू जिना चढून ये. सगळ्या मुली एकमेकींना कोपरं मारायला लागल्या. ताई उठली, लिफ्टच्या दारावर कात्रीने ठोकलं आणि विचारलं, घरात आईबहीण नाही का? आतल्या माणसाची पंचाईत झाली. उत्तर द्यावं तर गाणं थांबतं, गाणं थांबलं तर वरचा घाबरतो. म्हणून त्याने त्याच चालीत उत्तर दिलं. मावशींनी ते गाऊनच दाखवलं:

बाई, जरा थांबा हो,
वरती माझा भाऊ हो,
गाणं सुटलं, धाप लागेल,
मी जिना चढून येतो.

तरी भोंगा धावत खाली आलाच. शब्द बदललेले ऐकून त्याला वाटलं, जोडीदाराच्या डोक्यावर काहीतरी पडलं. आणि भावोजी खरोखरच जिना चढून माफी मागायला आले, हातभर वंगण, तोंडाला काजळी. आता सगळं प्रार्थनाघर हसत होतं. ताई हसत होत्या आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. भोंग्याने तोंड ओंजळीत लपवलं होतं.

"हाच अर्थ," मावशी म्हणाल्या. "एक माणूस काळोखात गातो, दुसरा वर ऐकतो, म्हणून जीव राहतो. दोघांतला कोण कोणाला वाचवतो ते त्यांचं त्यांनाही ठाऊक नसतं. याच्या आड मी काही शोधणार नाही. धरा सूर."

अध्यक्ष उठून उभे राहिले. त्यांचा आवाज रागावलेला नव्हता, दुखावलेला होता. पेटीवाल्यांना त्यांनी हाताने थांबवलं.

"मावशी, ही जागा देवाची आहे. तुम्ही शब्द दिला होता. तो पाळायचा नसेल, तर पुढच्या बैठकीपासून निरूपणाला आम्हाला दुसरं कोणी बघावं लागेल."

मावशींनी पेटीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"बघा," त्या म्हणाल्या. "शब्द मोडला, तो मोडला. पण सर, आजवर मी या गावातली सगळी गाणी देवाला नेऊन दिली. त्याने एकदाही मागितली नव्हती. हे एक मी देत नाही. हे माझ्या भावोजींचं आहे. त्याला यात काही कमी वाटलं तर तो मला सांगेल. त्याचं माझं बोलणं आहे."

पेटीवाल्यांनी भात्यावरचा हात उचलला नाही, पण दाबलाही नाही. बिचारे खाली बघत राहिले. तेव्हा भोंगा उठला. सूर देणारं कोणी नव्हतं, आणि इतके दिवस गळ्यात साठलेलं सगळं एकदम बाहेर पडलं, त्यामुळे त्याने पहिली ओळ भलतीच वरच्या पट्टीत लावली. तिथून गाणं शेवटपर्यंत नेणं गवयालाही जड गेलं असतं. ताई उभ्या राहिल्या आणि त्यांनी तीच पट्टी धरली. मागून कंपनीतली माणसं आली. मग भिंतीशी बसलेल्या बायका आल्या, ज्यांना हे गाणं लहानपणापासून पाठ होतं आणि ज्यांनी या छताखाली ते कधी ओठांवर आणलं नव्हतं.

उशीर झाला, होऊ दे,
शेजारी जागे, राहू दे,

इथवर येताना निम्म्यांचे आवाज फाटले. कोणी खोकलं, कोणी श्वास घ्यायला थांबून पुन्हा मिसळलं. अध्यक्ष उभेच होते. गात नव्हते, पण खालीही बसत नव्हते. पेटीवाल्यांनी मावशींकडे बघून भुवयांनीच विचारलं, पट्टी खाली घ्यायची का, मी देतो सूर.

मावशींनी मानेने नाही म्हटलं, आणि पुढची ओळ त्याच उंचीवर उचलली.