गाण्याआधीचं हसू

दोन मिनिटं चाळीस सेकंदांचं ते गाणं गेल्या उन्हाळ्यात कुणालाच चुकलं नाही. पॉप-पंक म्हणतात त्या जातीचं: तीन सूर, धावत सुटलेले ड्रम आणि "अभ्यास गेला उडत, आम्ही चाललो डुंबत" असं बेंबीच्या देठापासून ओरडणारी एक मुलगी. पण लोकांना खरं आवडायचं ते गाण्याआधीचं हसू. चार सेकंदांचं. आधी फिस्स, मग घसरगुंडीवरून घसरत यावं तसं खळखळत खाली, आणि शेवटी एक उचकी. त्या उचकीवर ड्रम सुरू व्हायचे. लोकांनी ते हसू फोनला लावलं, दारावरच्या घंटीला लावलं. गाण्याची दुसरी ओळ विचारली तर निम्मे जण खांदे उडवायचे.

ते हसू गायिकेचं नव्हतं, तिच्या धाकट्या बहिणीचं होतं.

धाकटीला घरात बुटकी म्हणत. ती ताईपेक्षा चार बोटं उंच होती; पण घरातली नावं तिसऱ्या वर्षी पडतात, पुढे कुणी मोजायला येत नाही. बुटकी बँडमध्ये बेस गिटार वाजवायची. रेकॉर्डिंगच्या दिवशी ताई ऐटीत माइकसमोर उभी राहिली, छाती भरून श्वास घेतला आणि पहिलाच शब्द विसरली. बुटकीला हसू फुटलं. तिचा माइक चालू होता, आणि रेकॉर्डिंगवाल्याने ते हसू ठेवून दिलं. "काढा ते, माझी लाज जाते," असं म्हणून ताई तेव्हा केवढी फणफणली होती! गाणं चाललं तसा राग उतरला.

दौऱ्याआधी बुटकी तालाला कच्ची आहे, तिला बँडमधून काढायचं, असं ठरलं. ठरलं म्हणजे ताईने ठरवलं आणि ड्रमवाल्या ढोल्याने फोन करून कळवलं. आता बुटकी तालाला कच्ची होतीच, हे मांडून ठेवलेलं बरं. पण ताई सुराला कच्ची होती आणि तिला कुणी फोन केला नाही.

हसू मात्र बँडमध्येच राहिलं. मंचावर ढोल्या पायाने एक बटण दाबायचा, ताई मान मागे टाकून तोंड उघडायची आणि बुटकी हसायची. "हे हसू तुमचंच का हो?" असं मुलाखतीत पहिल्यांदा विचारलं तेव्हा ताई नुसती लाजली. दुसऱ्यांदा म्हणाली, "लहानपणापासून अशीच आहे मी." तिसऱ्यांदा तिचा स्वतःचाही विश्वास बसला असावा.

बुटकीने आईकडे तक्रार नेली. आई इस्त्री करत होती.

"अगं, हसण्यावर काय नाव लिहिलेलं असतं? घरातलंच आहे ना? बाहेर कुठे गेलंय?" आई म्हणाली आणि कॉलरकडे वळली.

बुटकी पोहण्याच्या तलावावर तिकीट-खिडकीत बसायला लागली. तिथेही तेच गाणं. कर्ण्यातून तासाला चारदा ती स्वतःच्याच डोक्यावर हसायची. एकदा पोहायला शिकवणाऱ्या मास्तरांचा पाय घसरला आणि ते शिट्टीसकट पाण्यात गेले, तेव्हा तिला खरंखुरं हसू आलं.

"अय्या, काय हुबेहूब नक्कल करता हो!" रांगेतली एक बाई म्हणाली. "शेवटची उचकी तेवढी जमली नाही."

"जरा वरच्या पट्टीत घ्या," मागून एका काकांनी सल्ला दिला.

त्या दिवसापासून बुटकीने हसणं बंद केलं. कुणी विनोद केला की मान हलवून पोच द्यायची, बस्स. त्याला आता वर्ष होत आलं होतं.

या उन्हाळ्यात एका दुपारी ताई मोठा गॉगल लावून खिडकीच्या बाजूच्या दाराने आत आली.

"काय गं बुटके, वाळलीस."

"एकच तिकीट ना?"

"टोमणे नंतर मार. काम आहे." काम असं होतं: शनिवारी चार वाजता रेडिओचा मैदानावर कार्यक्रम होता. सगळं थेट, आधी रेकॉर्ड केलेलं काही चालणार नव्हतं. म्हणजे ढोल्याचं बटण बंद.

"मग हस की. लहानपणापासून अशीच आहेस ना तू?"

ताईने गॉगल काढला. डोळ्यांखाली काळं झालं होतं. "तीन आठवडे हसतेय गं. शेजारच्या काकू विचारून गेल्या, दमा कधीपासून आहे म्हणून."

बुटकीच्या ओठाचा कोपरा हलला. तिने तो जागेवर आणला.

"पडद्यामागे उभी राहा. चार सेकंदांचं तर काम आहे."

"पडद्यापुढे राहीन. आणि तू सांगायचं, हे हसू हिचं आहे, पहिल्यापासून हिचंच होतं."

ताईने खिडकीबाहेरच्या रांगेकडे पाहिलं. "बरं. सांगते."

"शपथ?"

"आईची."

आईची शपथ ताई सढळ हाताने घ्यायची. आई अजून ठणठणीत होती, याचं श्रेय आईच्या तब्येतीला. बुटकीला हे माहीत नव्हतं असं नाही. तरी ती गेली, आणि नवा शर्ट घेऊन गेली. आपलं हसू आपलं आहे, एवढं चारचौघांत एकदा ऐकायचं होतं तिला.

शनिवारी मैदान फुलून गेलं होतं. ताईने बुटकीला हाताला धरून पुढे आणलं.

"आज एक गंमत! ही माझी धाकटी बहीण. आणि हे हसू..." ताई थांबली. समोर हजार तोंडं होती. "हे हसू हिने माझ्याकडून उचललंय! घरी फोनवर आमच्यातली कोण कुठली ते कळायचं नाही. आज माझा घसा बसलाय, म्हणून माझ्याऐवजी ही हसणार. होऊन जाऊ द्या टाळ्या!"

टाळ्या झाल्या. बुटकी ताईकडे बघत राहिली. ताई माइकची दांडी घट्ट धरून उभी होती, आणि दांडी थरथरत होती. शाळेत कविता म्हणताना असेच हिचे हात कापायचे, आणि बुटकी पहिल्या बाकावरून ओठ हलवून शब्द पुरवायची. माइक हातभर अंतरावर होता. खरं बोलायला एक वाक्य पुरलं असतं. पण बुटकीने ठरवलं, जाऊ दे, हसून टाकू. चार सेकंद तर आहेत.

ढोल्याने काड्या आपटल्या. बुटकीने तोंड उघडलं. फिस्स झालं. पुढे काही आलंच नाही.

ढोल्याने पुन्हा चार मोजले. बुटकीने पाण्यात पडणारे मास्तर आठवले, काकूंचा दमा आठवला, जे जे सापडलं ते आठवलं. घशातून नुसती हवा आली.

शेवटी ताईच हसली. ते घरोघरी ऐकू गेलं. पोरांनी शिट्ट्या मारल्या, मागून कुणीतरी "पाणी द्या रे बाईंना!" म्हणून ओरडलं, आणि गाणं लंगडत लंगडत कसंबसं संपलं.

मंचामागे ताईने तिला गाठलं. डोळ्यांतलं काजळ गालांवर उतरलं होतं.

"मुद्दाम केलंस ना? वर्षभर मनात धरून होतीस ना?"

'नाही गं, खरंच येईना' हे बुटकीच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण आजवर त्या बँडमध्ये जे जे झालं, त्यातली ही पहिलीच गोष्ट तिच्या नावावर लागत होती.

"हो," ती म्हणाली. "मुद्दाम."

ढोल्याने मान वळवून तिच्याकडे नीट पाहिलं. एवढ्या वर्षांत त्याने तसं कधी पाहिलं नव्हतं.

घरी ताईचा फोन आधीच पोचला होता. आईने दार उघडलं ते बोलतच. "आलीस? सख्ख्या बहिणीवर सूड उगवून आलीस?"

बुटकी सरळ न्हाणीघरात गेली. कडी लावली, नळ मोठा सोडला आणि आरशासमोर तोंड उघडून पाहिलं. बराच वेळ पाहिलं, फिस्ससुद्धा आलं नाही. मग तिने नळ बंद केला, पाणी उगाच वाया जात होतं.