सरदारांच्या भिंतीपर्यंत

उन्हाळा लागला की अजूनही येतात ते. पाठीवर पिशव्या, हातात नकाशे आणि तोंडात तोच प्रश्न: "बाई, टेंपलर सरदारांचा खजिना इथेच आहे ना?" मी दारातूनच सांगते, इथे खजिना नाही, कुत्रं आहे. कुत्रं मरून चार वर्षं झाली, पण आत येऊन बघतंय कोण.

आमचं घर त्या सरदारांच्या मठाच्या पायावर उभं आहे, हे खरं. आमच्या मोंफलूर गावातली निम्मी घरं तशीच आहेत. सातशे वर्षांपूर्वी राजाने एका पहाटे देशभरातल्या त्या सरदारांना, म्हणजे क्रूस मिरवत लढणाऱ्या श्रीमंत साधूंना, धरलं, छळलं, जाळलं, हे शाळेत शिकवतात. गाव सांगतं ते वेगळंच. आदल्या संध्याकाळी म्हणे गवताने झाकलेली एक गाडी आमच्या मठात शिरली आणि ती बाहेर पडताना कोणी पाहिली नाही. बस्स, एवढंच. एवढ्याशा गाडीने माझ्या संसाराचं वाटोळं केलं.

माझा नवरा ओक्ताव तसा गुणी माणूस. द्राक्षवेलींची छाटणी त्याच्यासारखी पंचक्रोशीत कोणी करत नसे. पिणं बेताचं, बाहेरचा नाद नाही. पण लग्नानंतर तिसऱ्या वर्षी त्याला तळघराच्या कोपऱ्यात जमीन पोकळ वाजतेय असं वाटलं आणि तिथून जे खूळ डोक्यात शिरलं ते निघालंच नाही. अकरा हिवाळे खणत होता. खड्डा चार पुरुष खोल गेला. रविवारी चर्चला जाताना त्याच्या नखांत माती. शेजारणी विचारायच्या, "काय लेओंती, सोन्याच्या बांगड्या कधी?" मी म्हणायची, "आधी नवरा तर वर येऊ दे." थट्टेत म्हणायची, पण मनात तेच होतं. मला त्या भोकातून माझा माणूस धड वर हवा होता. सोनं गेलं खड्ड्यात.

अकरावा हिवाळा सरला त्या वर्षी मी निकराला आले. म्हटलं, "ओक्ताव, एक तर तो खड्डा बुजव, नाही तर मी बहिणीकडे चालले."

तो हसला नाही. म्हणाला, "नोव्हेंबरात, सेंट मार्टिनच्या सणाला बुजवतो. शब्द देतो."

"कोणाच्या गळ्याची शपथ?"

"तुझ्याच."

आणि नशीब बघा, त्यानंतर आठच दिवसांत, द्राक्षतोडणी तोंडावर असताना, त्याची पहार घडीव दगडाला लागली. भिंत. दगडावर बोटाएवढा क्रूस कोरलेला. तो वर आला तेव्हा चेहरा असा, जसा पहिल्या मुलाच्या बापाचा असतो. आम्हाला मूल झालं नाही. मला राग आला आणि त्याहून जास्त त्याची दया आली.

आता तळघराचं सांगते, कारण सगळं तिथेच घडलं. द्राक्षं तुडवून रस मोठ्या लाकडी हौदात भरला की तो फसफसायला लागतो. त्यातून जी हवा निघते ती दिसत नाही, तिला वास नाही, पण ती जड असते, जमिनीलगत साठते आणि माणसाला उभ्याउभ्या मारते. म्हणून आमच्याकडे सगळ्या घरांत एकच रीत. पत्र्याच्या डब्यात मेणबत्ती लावायची, ती जिन्याच्या शेवटच्या पायरीवर ठेवायची आणि शंभर अंक मोजायचे. ज्योत ताठ राहिली तर उतरायचं. ज्योत मलूल झाली तर मागे फिरायचं, झरोके उघडायचे. हे काम घरच्या बाईचं. माझ्या सासूने मला लग्नाच्या पहिल्याच महिन्यात शिकवलं. तिच्या घरात त्या हवेने कोणी मेलं नव्हतं, याचा तिला मोठा तोरा होता.

दर वर्षी तोडणी सुरू झाली की ओक्ताव खड्ड्यावर फळ्या टाकायचा, वर ताडपत्री, कडेला माती. सण होईपर्यंत खणणं बंद. त्या वर्षी त्याने फळ्या टाकल्याच नाहीत. भिंतीला टेकवून ठेवलेल्या मी पाहिल्या. बोलले नाही. म्हटलं, एवढा एक महिना, मग सुटकाच आहे.

हौद भरल्यावर चौथा दिवस. रस असा उकळत होता की जिन्यावरून ऐकू यायचा. चौथ्या दिवशी ज्योत मलूल होणारच, हे मला आकाशातल्या सूर्याइतकं ठाऊक. जेवण झाल्यावर मी मेणबत्ती ठेवली, शंभर मोजले. ज्योत ताठ. पुन्हा शंभर मोजले. काडीसारखी ताठ. मला नवल वाटलं. वाटलं, यंदा पावसाने द्राक्षं पाणचट झालीत, हवाच धरत नसेल.

ओक्ताव माझ्या मागे उभा, हातात पहार आणि बॅटरी. "काय म्हणते?"

"ताठ आहे," मी म्हटलं. "जा बाबा. भीक मागून ये तुझ्या सरदारांकडे."

हे माझे शब्द. शेवटचे.

पहारीचे दोन-चार घाव ऐकू आले. मी वर भांडी घासत होते. मग घाव थांबले. माझ्या मनात काय आलं सांगू? सापडलं वाटतं. मी हात पुसून हाक मारली, पुन्हा मारली. आणि जिन्यात उतरता उतरता मला कळलं. एका क्षणात, पायापासून डोक्यापर्यंत. ती जड हवा गेली कुठे? पाण्यासारखी वाहत गेली होती, सगळ्यांत खोल जागी. चार दिवस खड्डा भरत होता, म्हणून पायरीवरची ज्योत ताठ.

मी किंचाळले. अंगणात द्राक्षं पिळायचा घाणा फिरवत असलेला माझा दीर सिल्वेर धावत आला. त्याने एक पाय खड्ड्यातल्या शिडीवर टाकला. मी डब्याला दोरी बांधून मेणबत्ती खाली सोडली. शिडीच्या चौथ्या पायरीपाशी ती विझली, चिमटीत धरून विझवावी तशी. पुन्हा लावली, पुन्हा विझली.

"बाजूला हो," सिल्वेर म्हणाला.

"उतरू नकोस. तूही जाशील."

"माझा भाऊ आहे तो."

"माझा नवरा आहे."

मी मागून त्याच्या कमरेचा पट्टा धरला. खाली बॅटरी अजून जळत होती, तिच्या उजेडात ओक्तावची पाठ दिसत होती. आणि आवाज येत होता. घोरल्यासारखा, थांबून थांबून. सिल्वेरला तीन लहान मुलं होती, त्यांतली धाकटी अजून पाळण्यात. "तो गेला, सिल्वेर," मी म्हटलं. "काही आवाज नाही. गेला तो." तो मला शिव्या देत होता, रडत होता. मी पट्टा सोडला नाही. थोड्या वेळाने आवाज खरंच थांबला.

शहरातून बंबवाले यायला सव्वा तास लागला. त्यांनी भात्याने हवा सोडली, दोर बांधून त्याला वर काढलं. एका दगडाची फट त्याने मोकळी केली होती. पुढे खड्डा बुजवण्याआधी सरकारी माणसाने आत डोकावून पाहिलं. भिंतीपलीकडे हौद होता. दगडी, रिकामा, तळाला काळी खपली. सरदारही आमच्यासारखीच द्राक्षं तुडवत होते, दुसरं काही नाही. मी दारात उभी राहून ऐकून घेतलं आणि आत जाऊन भांडी घासायला लागले.

सिल्वेर माझ्याशी बोलेनासा झाला. गावात सांगत फिरला की लेओंतीने माझ्या भावाला मरू दिलं, मी उतरत होतो, तिने उतरू दिलं नाही. बेकरीत बायका माझ्याकडे पाठ करायच्या. मी कधी उलटून बोलले नाही. तेवढं त्याला बोलू द्यावं, असं वाटायचं. ज्योत मीच पाहिली होती ना.

एकोणीस वर्षं अशी गेली. गेल्या वर्षी सर्व संतांच्या दिवशी मी कबरीवर शेवंती ठेवत होते, तर तो काठी टेकत आला. म्हातारा झालाय. कबरीच्या दगडाच्या कडेवर बसला.

मग म्हणाला, "लेओंती, तो घोरत होता."

"नाही," मी म्हटलं. "तेव्हाच गेला होता तो. मी सांगितलं होतं तुला."

"खोटं बोलू नकोस. मला ऐकू येत होतं."

माझ्या हातातली कुंडी मी खाली ठेवली.

"तू पट्टा धरला होतास ना, त्यात जोर नव्हता," तो म्हणाला. "बोटं पट्ट्यावरून घसरत होती. एक हिसका दिला असता तर सुटलो असतो. मी दिला नाही."