बाजेवरची सरकी

सरकी माही लेक, निंघाली नांदाले,
येईन दिवाळीले, भरल्या वटीनं.

हा आवाज काजलच्या कानात लहानपणापासून होता. पेरणीच्या तोंडी तिची माय, गोजरबाई, अंगणात बाज टाकायची. शेणामातीत कालवलेली सरकी बाजेच्या विणीवर घासायची, म्हणजे सरकीची लव बसते, दाणा दाण्याला धरून राहत नाही. बाजेच्या दुसऱ्या अंगाला मोठी बहीण आशा. एक ओळ मायची, एक आशाची. खाली टपटप पडलेली सरकी काजल टोपल्यात भरायची.

मग पाकिटातलं बीटी बियाणं आलं. न्हाऊनमाखून, रंगून आलेलं. त्याला ना शेण लागे, ना ओवी. बाज भिंतीला उभी राहिली. आशा धामणगाव बढे गावी नांदायला गेली. दुसऱ्याच वर्षी, दिवाळीच्या तोंडावर, कपाशीत पान लागून ती गेल्याचा निरोप आला. सापाचं नाव घेत नाहीत. पान लागलं म्हणतात. तेव्हापासून मायच्या तोंडून ओवी निघाली नाही.

मेहकरच्या कॉलेजात फारुख सरांनी इतिहास मंडळ काढायचं ठरवलं, तेव्हा काजलला हाच आवाज आठवला. पहिल्या कार्यक्रमात बाजेवर सरकी घासून, ओवी म्हणून दाखवू, असं तिनं सुचवलं. "मंडळाचं काम एवढंच," सर म्हणाले होते, "जे घडलं ते, जसं घडलं तसं सांगायचं."

प्राचार्यांना तलवारी हव्या होत्या. "सरकी काय दाखवता? किल्ले दाखवा, टाळ्या पडतील." शेवटी ते कसेबसे राजी झाले, पण अध्यक्ष त्यांनीच ठरवला. जानराव, गावातले बियाण्याचे दुकानदार. मांडव त्यांचा, चहा त्यांचा. "कार्यक्रम रंगला तर तुमचं मंडळ. नाही तर हा पहिला आणि हाच शेवटचा."

काजल घरी मायच्या मागं लागली.

"माय, तू फक्त ओवी म्हणजो."

"मले याद नाही बाई ते."

"सरकी त घासशीन?"

"हात घासतीन. तोंडाचं नोको सांगू."

कार्यक्रमाच्या दिवशी मंडळाची दुसरी मेंबर राबिया शेणाचं घमेलं घेऊन मांडवात शिरली. "सरका बे पोट्टेहो, इतिहास येऊन राह्यला. वास नाही आला का?"

पोरं हसली. जानरावही हसले. हार घालून घेतला, प्रगतीवर बोलले, आणि खुर्ची बाजेजवळ ओढून बसले. सरकी जिनिंगच्या कारखान्यातून आणलेली, तीही बीटीचीच. घरची कुठं उरली होती?

गोजरबाईनं पदर खोचला. तळवे विणीवर फिरू लागले. खर्र, खर्र. हातांना सगळं याद होतं. ओठ मात्र मिटलेले.

"मावशी, ही पेरू नका बरं," जानराव म्हणाले. "पेराले आमच्याकडूनच न्या लागते." मांडव हसला. "अन् गाणं? तेबी पाकिटात पाठवू का?"

प्राचार्यांनी घड्याळ पाहिलं. मागच्या रांगा उठू लागल्या. काजलनं फारुख सरांकडे पाहिलं. सर खाली बघत होते. मंडळ गेलं, तिला वाटलं. मग ती बाजेच्या दुसऱ्या अंगाला, जिथं आशा बसायची तिथं, जाऊन बसली आणि आपणच सुरू झाली.

"सरकी माही लेक, निंघाली नांदाले…"

पुढची ओळ मायनं धरायची. मायनं धरली नाही. काजलच म्हणाली, "येईन दिवाळीले…"

गोजरबाईचा हात थांबला. शेणानं भरलेला तो हात तिनं काजलच्या मनगटावर ठेवला.

"नोको म्हणू."

"काऊन? तुले याद आहे, माय. मले माहीत आहे तुले याद आहे."

"हाव, याद आहे." ती मांडवाकडे पाहत नव्हती, जानरावांकडेही नाही. बाजेच्या विणीतून खाली पडलेल्या सरकीकडे पाहत होती. "तुहे सर म्हणते ना, घडलं तसं सांगा. त आयक. आशीले पान नोतं लागलं. त्या साली त्याईच्या बीटीवर लाल्या रोग पडला, कपाशीची पराटी उभीच्या उभी लाल झाली. सासरचे म्हणे, हिच्याच पायगुणानं झालं. रोज म्हणे. फवाऱ्याचं औषध घरातच होतं, आशी तेच पेली. मंग त्याईनं सांगतलं पान लागलं, अन् तुह्या बापानं न् म्या हो म्हटलं, तुह्यं लगन व्हाचं होतं म्हणून."