ताटाखालची फळी

मित्रांनो, आज तुमच्याशी फणसाच्या लाकडाची एक जुनी फळी बोलते आहे. मी कर्नाटकातल्या कार्कळजवळच्या एका कौलारू घरात राहते. माझी माणसं तुळू बोलतात. पण लाकडाला सगळ्या भाषा सारख्याच, तेव्हा तुमच्याच भाषेत सांगते.

परसातला फणस वादळात पडला आणि सुतारानं त्याची तांदळाची पेटी केली. मी तिचं झाकण झाले. तीस वर्षं मी तांदूळ राखला. किती उंदीर माझ्यापुढे हरले! पुढे पत्र्याची पिंपं आली, पेटी सरपणात गेली आणि मी न्हाणीच्या भिंतीला टेकून उभी राहिले. अंगावर शेवाळ चढलं. कोंबड्यांनी माझं काय काय केलं, ते सांगत नाही.

मग धन्यश्री या घरात सून म्हणून आली. शिकलेली, जराशी घाबरट, पण नजर अशी की काही सुटायचं नाही. तिनं मला घासलं, उन्हात वाळवलं आणि स्वयंपाकघराच्या खिडकीखाली आडवं ठेवलं. माझ्यावर ताट मांडून ती फोटो काढायची आणि खाण्यापिण्याच्या ब्लॉगवर लिहायची. लांबलांबचे लोक विचारायचे, "हे लाकूड कुठून आणलंत?" मला वाटायचं, मी पुन्हा झाड झाले आहे, फक्त पानांऐवजी माझ्यावर रोज काहीतरी वाफाळतं आहे.

घरात मात्र जेवणाआधी "थांबा!" सुरू झालं. धन्यश्रीची सासू जलजाक्षी म्हणायची, "देवाच्या आधी मोबाइलला नैवेद्य! मीठ बरोबर आहे का, तेही विचार त्याला."

"अत्ते, दोनच मिनिटं!" सासूला ती अत्ते म्हणायची.

सगळ्यात गाजला तो नीर डोसा. पाण्यासारखं पातळ पीठ तापल्या तव्यावर वाटीनं गोल फिरवून ओतायचं, की नाजूक जाळी उमटते. तिनं टाकलेल्या त्याच्या चित्रफितीत चेहरा नव्हता, नुसते हात होते. लोकांनी लिहिलं, "धन्यश्री, काय हात आहेत तुमचे!"

मित्रांनो, ते हात जलजाक्षीचे होते.

धन्यश्री खोटं काही बोलली नव्हती. खरं सांगायचं तेवढं राहिलं होतं. आधी एकदा राहिलं, मग रोजच राहत गेलं.

एके दिवशी बंगळूरहून पत्र आलं. असे ब्लॉग लिहिणाऱ्यांचं तिकडे संमेलन होतं आणि हिला बोलावलं होतं. आयुष्यातलं पहिलंच! ती ढगांवर चालू लागली. माझ्यासमोर उभी राहून "नमस्कार, मी धन्यश्री" म्हणून पाहायची, कधी हसून, कधी न हसता. मध्येच आठवायचं, की आपल्या आठ महिन्यांच्या लेकीला, तेजूला, दोन दिवस आईशिवाय राहायचं आहे. मग तिच्या दूधभाताच्या आणि झोपेच्या वेळा लिहून भिंतीवर चिकटवायची. "मी तुझा नवरा वाढवला, तो काय कागद वाचून?" जलजाक्षी विचारायची.

चार दिवस उरले असताना दुसरं पत्र आलं. "मंचावर आमच्यासमोर तुमचा तो नीर डोसा घाला."

तेजू झोळीत झोपली की धन्यश्री तव्यापुढे उभी राहायची. पहिला डोसा फाटला. दुसरा भाकरीएवढा जाड झाला. तिसरा तव्याला धरून बसला. दोन दुपारी अशाच गेल्या.

"हा डोसा आहे की मासे धरायचं जाळं?" जलजाक्षी दारातून म्हणाली.

"अत्ते, मी जात नाही. ताप आलाय म्हणून कळवते."

"कुणाला आलाय?"

"मला." ती तवा खरवडू लागली. "तिथं सगळ्यांना कळेल, ते हात माझे नाहीत."

जलजाक्षी आत आली आणि माझ्याजवळ खाली बसली.

"म्हणजे लोकांना ठाऊक नाही? तू वाचून दाखवायचीस, काय हात आहेत, काय हात आहेत. मला वाटायचं, मलाच म्हणतायत."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती आपल्या तळव्यांकडे पाहत राहिली. तवा धुरकटला, तरी कुणाचं तिकडे लक्ष नव्हतं.

शेवटी धन्यश्रीनं गॅस बंद केला आणि मोबाइल उचलला.

"अत्ते, वर बघा."

"आता कसला फोटो? केस बघ माझे."

"बघा ना."

त्या फोटोत ताट नव्हतं, मीही नव्हते. घामेजलेला एक चेहरा होता, आणि त्याखाली संमेलनवाल्यांना लिहिलेल्या ओळी होत्या: "हे हात माझ्या सासूबाईंचे, जलजाक्षी शेड्तींचे. मी फक्त लिहिते. हे आधीच सांगायला हवं होतं. चालत असेल तर दोघी येऊ. नाही तर मीही येणार नाही." तिचं कोपर माझ्यावर टेकलेलं होतं. धाडायच्या आधी ते किती वेळा उचललं आणि पुन्हा टेकलं, ते मलाच ठाऊक.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. दोघींनी या, बाळालाही आणा.

मग घाबरायची पाळी जलजाक्षीची. "मंचावर चप्पल काढायची का गं? आणि इंग्रजीत विचारलं तर?"

"तुम्ही पीठ ओता, अत्ते. इंग्रजी मी ओतते."

आज पहाटे तिघी गेल्या. दाराशी जाऊन जलजाक्षी दोनदा मागे आली, एकदा गॅस बघायला आणि एकदा उगीच. आता घर शांत आहे. माझ्यावर ऊन सरकतं आहे आणि त्या उन्हात मला सारखं एक मोठं सभागृह दिसतं, गरम तवा दिसतो, पुढे होणारा हात दिसतो. डोसा कसा उतरेल, मला माहीत नाही. फाटला तरी तो जिचा आहे तिच्याच नावावर फाटेल.

मित्रांनो, जुन्या लाकडाला घासूनपुसून ठेवा, ते वर्षानुवर्षं साथ देतं. पण त्याहून एक सोपं काम मागते. आज जेवायला बसलात की पहिल्या घासाआधी विचारा, हे कुणी केलं? आणि नाव कळलं की ते मनात ठेवू नका. समोरच्याला ऐकू जाईल असं घ्या.