बेटावरची टाकी

बेटावरचं जुनं लोखंड उतरवायचं काम मिळालं, तेव्हा दादाने सोबत घ्यायला दुसऱ्या कुणाचा विचारही केला नाही. धाकट्या बहिणीचा नवरा आणि तो लग्नाच्या कितीतरी आधीपासून एकाच वर्कशॉपमध्ये होते. दादा गॅसने लोखंड कापायचा, हा कापलेलं उचलायचा, बांधायचा आणि दिवसभर तोंड चालवायचा. समोर ठेकेदार असो की डॉक्टर, फिरकी घेतल्याशिवाय त्याला अन्न पचत नसे, म्हणून सगळे त्याला फिरक्याच म्हणत. स्थळ दादानेच सुचवलं होतं. "माझ्या डोक्याचा ताप तुझ्या गळ्यात बांधला," असं तो धाकटीला चिडवायचा. ती हसायची. संसार छान चालला होता.

बेट किनाऱ्यापासून बरंच आत होतं. वर झाड म्हणून नाही, नुसतं खुरटं गवत आणि कानात शिरणारा वारा. टेकडीच्या माथ्यावर युद्धातल्या रडार केंद्राचे अवशेष उरले होते. काँक्रीटच्या तीन खोल्या, गंजून एका अंगावर कललेला मनोरा आणि त्याच्या टोकाला माशाच्या काट्यासारखी लोखंडी जाळी.

"माझा बाप या लोकांना पाणी पोचवायचा," त्यांना बेटावर घेऊन आलेला नावाडी म्हणाला. म्हातारा होता, पण सामान वाहून न्यायला स्वतः वाकत होता. "पाळ्या लावून बसायचे. त्या हिरव्या काचेवर ठिपका दिसला की शत्रूचं विमान आलं, असं समजायचं."

"मग आली का विमानं?" फिरक्याने विचारलं.

"एकही नाही. युद्ध संपलं, दारं लावली आणि गेले."

"म्हणजे सरकारी नोकरीच की काका! बसा, बघा आणि पेन्शन घ्या."

नावाडी खो खो हसला. दादाही हसला.

मुक्काम त्यांनी मधल्या खोलीत टाकला. जमिनीत अजून टेबलांचे बोल्ट रोवलेले होते, भिंतीवर कोट अडकवायचे आकडे एका रांगेत होते, आणि एका कोपऱ्यात कुणीतरी खिळ्याने बाईचा चेहरा कोरला होता. नाक जरा चुकलं होतं. फिरक्या रोज सकाळी त्या बाईला वाकून नमस्कार करायचा.

मनोरा उतरवला, जाळीचे तुकडे झाले. ठेकेदाराचा हुकूम होता की लोखंडाचा खिळाही मागे ठेवायचा नाही. तिसऱ्या, जनरेटरच्या खोलीमागे गवतात एक जाड झाकण सापडलं. खाली पाण्याची लोखंडी टाकी असावी. दादाने बोल्ट कापले, सिलिंडर पुन्हा मनोऱ्याच्या जागी नेऊन ठेवले, आणि दोघांनी मिळून पहारीने झाकण सरकवलं. आत पाणी नव्हतं. वास नव्हता. बॅटरीच्या उजेडात तांबूस भिंती आणि खाली उतरणारी शिडी दिसली.

"थांब, जरा हवा लागू दे," दादा म्हणाला.

"आत काय भूत बसलंय?" म्हणत फिरक्याने पाय टाकलाही. दादाने त्याची बाही धरेपर्यंत त्याचं डोकं खाली गेलं होतं.

"दादा, पत्रा चांगला जाड आहे रे. याचे तर..."

वाक्य तिथेच राहिलं. पोतं टाकल्यासारखा आवाज झाला.

दादाने हाक मारली. उत्तर नाही. त्याने शिडीवर पाय ठेवला, दोन पायऱ्या उतरला, वाकून डोकं आत घातलं, आणि शिडीवरची पकड सुटायला लागली. ना ठसका, ना जळजळ. फक्त हात आपले वाटेनात. तरुणपणी त्याने एका गटाराच्या तोंडाशी हेच पाहिलं होतं. एकाला काढायला दुसरा उतरला, दुसऱ्याला काढायला तिसरा, आणि शेवटी एकाच घरातले तिघे चादरीखाली ओळीने निजवलेले. ते त्याच्या डोळ्यांपुढे आलं. त्याने कोपर टाकीच्या काठावर टाकून स्वतःला कसंबसं वर ओढलं आणि गवतात पडून तो ओरडत राहिला. आधी फिरक्याच्या नावाने, मग नावाड्याच्या.

खाली नावेपाशी असलेला नावाडी धापा टाकत टेकडी चढून आला. "उतरू नका!" एवढंच दादाला सांगता आलं. लोखंड कापायचा ऑक्सिजनचा सिलिंडर मनोऱ्याच्या जागी, माथ्याच्या पलीकडच्या टोकाला होता. दोघांनी तो दगडधोंड्यांतून लोळवत आणला, नळी आत सोडली, पुरती उघडली. दादाने दोरखंडाला आकडा बांधला. आकडा गंजात खरडत होता, निसटत होता. शेवटी फिरक्याच्या कमरेच्या पट्ट्यात अडकला.

वर आलेल्या फिरक्याचे ओठ निळे पडले होते. दादाने त्याची छाती दाबायला सुरुवात केली. दाबत राहिला. हात भरून आले तरी दाबत राहिला. मग नावाड्याने त्याचं मनगट धरलं.

"पुरे, बाबा. गेलाय तो."

फिरक्याला घरी आणलं, तेव्हा धाकटी रडली नाही. तिने नवऱ्याच्या कपाळावरचा गंज पदराने पुसला आणि वर न बघता विचारलं,

"तू कुठे होतास?"

"वर," दादा म्हणाला.

त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही.

चौकशीला आलेल्या साहेबाने समजावून सांगितलं. बंद टाकीत लोखंड गंजत राहिलं, आणि गंजाने आतल्या हवेतला प्राणवायू खाऊन टाकला होता. दुसरा उतरला असता तर दोघे गेले असते. शेजारी तेच म्हणाले. आई म्हणाली, "देवाने एक तरी ठेवला," आणि आपण काय बोललो हे कळून तोंडात पदर कोंबून बसली. दादा ऐकून घ्यायचा. जेवताना त्याचा घास हातातच राहायचा.

काही महिन्यांनी धाकटी वर्कशॉपच्या दारात येऊन उभी राहिली. वाळली होती.

"मला तिथे ने."

"कशाला, अगं? काय ठेवलंय तिथे?"

"नेतोस की मी एकटी जाऊ?"

नावाड्याने नावेत तिच्यासाठी फळी पुसून दिली. मनोरा नव्हता, तरी दादाला टेकडी लांबूनच ओळखू आली. ठेकेदाराने काम अर्धवटच सोडलं होतं. टाकीचं झाकण गवतात तसंच पडलेलं, तोंड उघडं. कितीतरी दिवसांचा वारा आणि पाऊस आत गेला होता. तरी दादाने पेटता कंदील दोरीने खाली सोडला, बराच वेळ ठेवला. ज्योत मंदावली नाही.

धाकटीने पदर खोचला आणि शिडीवर पाय ठेवला. "मी आधी उतरतो," दादा म्हणाला. तिने नुसतं त्याच्याकडे बघितलं. तो मागे सरला.

ती तळाला टेकली. साचलेल्या पाण्यात तिची पावलं वाजली. दादा कडेला पालथा पडून बघत होता. तिने मान वर केली, हात उंचावला. तिची बोटं आणि दादाचा चेहरा यांत फार अंतर नव्हतं.

"किती उथळ आहे रे," ती म्हणाली.

दादा खाली उतरला. दोघे घोटाभर पाण्यात उभे राहिले.

"ओरडला का तो?"

"नाही. पत्रा जाड आहे म्हणाला. खुशीत होता."

"आणि तू?"

"दोन पायऱ्या उतरलो होतो. मग वर आलो."

आतापर्यंत हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. तिने शिडीकडे पाहिलं, मनातल्या मनात पायऱ्या मोजल्यासारख्या.

"तू बरोबर केलंस. सगळे सांगतात. मलाही पटतं," ती म्हणाली. "पण तुझ्याकडे बघितलं की मला तू वर उभा दिसतोस. त्याला मी काय करू?"

तिथे, त्या लाल भिंतीला टेकून, ती पहिल्यांदा रडली. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिने तो झटकला नाही, धरलाही नाही.

परतताना ती नावेच्या पुढच्या टोकाला, त्याच्याकडे पाठ करून बसली. किनारा दिसायला लागल्यावर मान न वळवता म्हणाली,

"मागच्या दाराची बिजागरी निखळली आहे. रविवारी येऊन बसवून दे."

रविवारी तो हत्यारं घेऊन गेला. तिने दार दाखवलं, पाण्याचा तांब्या पायरीवर ठेवला आणि आत निघून गेली. काम संपल्यावर त्याने दार दोनदा लावून, उघडून पाहिलं आणि हाक मारली. आतून भांड्यांचा आवाज येत होता. ती बाहेर आली नाही. तो दार ओढून घेऊन घरी गेला.